दीडपट वेळ

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या गळ्यात पहिल्यांदा टीएगिरी पडली. टीए म्हणजे मास्तरांचा हरकाम्या. लेक्चर प्रोफेसर देणार. गृहपाठ तपासायचे, लॅब घ्यायची, पोरांच्या शंका सोडवायच्या आणि परीक्षेत हॉलभर येरझाऱ्या घालायच्या त्या टीएने. बदल्यात फी माफ आणि महिन्याला भाडं नि भाजीपोळी निघेल इतके पैसे. विषय होता 'सिग्नल्स अँड सिस्टिम्स'. ज्यांनी इलेक्ट्रॉनिक्स केलंय त्यांच्या पोटात हे नाव वाचूनच गोळा आला असेल. इतरांनी एवढंच समजावं की लाटा, आलेख आणि भरपूर इंटिग्रेशन.

सेमिस्टर सुरू होऊन आठवडा झाला असेल. प्रोफेसरांनी मला एक पत्र फॉरवर्ड केलं. युनिव्हर्सिटीत अपंग विद्यार्थ्यांसाठी एक वेगळं ऑफिस असतं, तिथून आलेलं. चार ओळींचं पत्र. अमुक विद्यार्थ्याला परीक्षेत दीडपट वेळ आणि कमी गडबडीची वेगळी खोली द्यावी. खाली सही. बस्स. त्याला झालंय काय, किती टक्के झालंय, कुठल्या सिव्हिल सर्जनने शिक्का मारलाय, अवाक्षर नाही.

तो मुलगा लॅबमध्ये आला तेव्हा मी त्याला चक्क वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. सांगायला लाज वाटते, पण न्याहाळलं. सहा फूट उंच, गोरापान, पाठीवरच्या सॅकमध्ये फ्रिस्बी. हात दोन, पाय दोन, डोळे शाबूत. मनात म्हटलं, ह्याला काय धाड भरलीये?

तडक प्रोफेसरांकडे गेलो. हे साठीचे गृहस्थ, बोलायला कमी आणि ऐकायला त्याहून कमी. मी म्हटलं, "एकाला पन्नास मिनिटं आणि दुसऱ्याला पंचाहत्तर, हा बाकीच्यांवर अन्याय नाही का?"

त्यांनी विचारलं, "तू परीक्षेत काय मोजतोस?"

"विषय किती समजलाय ते."

"मग घड्याळ कशाला लावतोस?"

"म्हणजे? कुठेतरी थांबवायला नको?"

"हवं ना. हॉल पुढच्या वर्गाला द्यायचा असतो, तुला मला घरी जायचं असतं. पन्नास मिनिटं ही आपली अडचण आहे. फोरिएची नाही."

मग मी त्या मुलाला नक्की काय झालंय ते विचारलं. ते म्हणाले, "मला माहीत नाही. विचारायचं मला कारणही नाही. त्या ऑफिसने कागद बघितलेत, ते त्यांचं काम. आपलं काम खोली शोधायचं."

मला हे अजिबात पटलं नाही. आमची जडणघडणच तशी. तीन तासांचा पेपर, पुरवण्या, त्यांना बांधायचा तो पांढरा दोरा. बाहेर पडल्यावर पहिला प्रश्न 'वेळ पुरला का?' आणि ज्याला पुरला नाही त्याने अभ्यास केला नाही. भराभर लिहिणं हीच हुशारी, अशी बारावीपर्यंत माझी ठाम समजूत होती आणि पुढे तिला धक्का लागेल असं काही घडलंही नव्हतं. खोली शोधली, मुलगा बसला, पेपर दिला. त्याला किती मार्क पडले ते आता आठवत नाही. न आठवण्याइतके साधारण असणार.

मग आला जानेवारी. मिडवेस्टमधल्या जानेवारीबद्दल मी मागे लिहिलंय, पुन्हा रडत नाही. बसस्टॉपवर काळ्या बर्फावरून पाय सटकला, उजव्या हातावर पडलो आणि मनगट मोडलं. अकरा दिवसांवर क्वालिफायर. ही म्हणजे पीएचडीची वेस. तिथे दोनदा आपटलात की घरचं तिकीट काढायचं. परीक्षा लेखी, चार तासांची, आणि माझा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये.

आमच्या डिपार्टमेंटच्या सेक्रेटरी बाई प्लास्टर बघून म्हणाल्या, "त्या ऑफिसला फोन केलास का?" मी म्हटलं, "मी काही अपंग नाही हो." बाईंनी चष्म्यावरून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि एकदा प्लास्टरकडे, आणि स्वतःच फोन फिरवला.

दुसऱ्या दिवशी त्या ऑफिसात गेलो. वेटिंग रूममध्ये मान खाली घालून बसलो होतो. कुणी देशी दिसलं तर काय सांगायचं, ह्याची तयारी चालली होती. आतल्या बाईंनी एक्सरेचा कागद पाहिला आणि विचारलं, "तुला लिहायला काय सोयीचं पडेल?" हा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. डाव्या हाताने टाइप करू शकतो म्हटलं, पण समीकरणं? मग ठरलं असं: उत्तरं टाइप करायची, समीकरणं तोंडी सांगायची आणि बाजूला बसलेला माणूस ती जशीच्या तशी लिहील. म्हणजे आपला लेखनिकच. आणि वेळ? दीडपट.

मी पास झालो. सहा तास बसलो होतो, पण त्यातला एकही मिनिट मला 'जास्त' वाटला नाही. डाव्या हाताने की शोधण्यातच निम्मा वेळ गेला. रात्री घरी फोन केला. आई सगळं ऐकून म्हणाली, "बरं झालं रे बाबा. पण ते अपंगांच्या ऑफिसचं कुणाला सांगू नकोस हो."

आज सांगतोय. आईची माफी मागून.

त्या दोन पत्रांच्या मध्ये, फ्रिस्बीवाल्याच्या आणि माझ्या, चार महिन्यांचं अंतर होतं. त्या चार महिन्यांत माझी हुशारी बदलली नव्हती, फक्त मनगट मोडलं होतं. माझं मोडलेलं दिसत होतं म्हणून कुणी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं नाही, एवढाच काय तो फरक.

आता इथे आपल्याकडचे लोक लगेच म्हणतात, अमेरिकन लोक ह्या बाबतीत मुळातच चांगले. मुळात वगैरे काही नाही. १९६२ साली एड रॉबर्ट्‌स नावाचा मुलगा बर्कलीला शिकायला आला. चौदाव्या वर्षी पोलिओ झालेला, मानेखाली जवळजवळ काही हलत नाही, रात्री झोपायला लोखंडी फुप्फुस म्हणतात ते भलंमोठं यंत्र. ते ठेवायला हॉस्टेलात जागा नाही, म्हणून तो युनिव्हर्सिटीच्या हॉस्पिटलच्या इमारतीत राहिला. पाठोपाठ आणखी तशी मुलं आली, त्यांनी एकमेकांच्या आधाराने चळवळ उभी केली. ज्या सरकारी खात्याने 'हा काही काम करू शकणार नाही' म्हणून त्याला आधी मदत नाकारली होती, त्याच कॅलिफोर्नियाच्या खात्याचा तो १९७५ साली प्रमुख झाला. आपल्याकडे ह्याच्यावर सिनेमा निघाला असता, गाण्यांसकट.

कायदा झाला १९७३ साली. सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेला अपंगत्वावरून भेदभाव करता येणार नाही, असं त्याचं ५०४ वं कलम. पण नियम कुणी काढीना. चार वर्षं फाइल पडून. (हे वाचून कसं घरच्यासारखं वाटतं ना?) शेवटी एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत शंभरावर माणसं शिरली आणि तिथेच बसली. व्हीलचेअरवाले, अंध, बहिरे. तीन आठवड्यांहून जास्त दिवस. ब्लॅक पँथरवाले त्यांना गरम जेवण आणून देत होते. त्यांची एक पुढारी जुडी ह्यूमन. न्यू यॉर्कमध्ये तिला व्हीलचेअरवर आहे म्हणून शिक्षिकेचं लायसन्स नाकारलं होतं, ती कोर्टात भांडून शिक्षिका झाली होती. त्या महिन्याच्या अखेरीस नियमांवर सही झाली. मग १९९० चा मोठा कायदा. मला चार दिवसांत जे पत्र मिळालं त्याच्यामागे हे सगळं होतं. मिळवलेलं होतं ते. दिलेलं नव्हतं.

पुढच्या वर्षी त्याच कोर्सला एक अंध विद्यार्थिनी आली, आणि खरी जिरली ती तेव्हा.

माझ्या नोट्स हा माझा अभिमानाचा विषय होता. सुवाच्य अक्षर, तीन रंगांची पेनं, स्कॅन करून पीडीएफ. मुलं कौतुक करायची. तिने पहिल्या आठवड्यात लॅपटॉप घेऊन मला शेजारी बसवलं, इयरफोन काढून स्पीकर लावला आणि माझी पीडीएफ उघडली. तिचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, म्हणालं, "ग्राफिक." पुढचं पान. "ग्राफिक." पुढचं पान. "ग्राफिक." अठ्ठावीस पानं. माझ्या तिन्ही रंगांचा एवढाच अर्थ.

मग मी लेटेकमध्ये टाइप केलेली दुसरी फाइल उघडली. ही तरी वाचेल म्हटलं. वाचली, पण समीकरण आलं की इंटिग्रलचं चिन्ह गायब, वरच्या खालच्या मर्यादा भलतीकडे, घातांक गुणाकारासारखा. ऐकताना वाटावं की कुणीतरी दारू पिऊन पाढे म्हणतंय. ती शांतपणे म्हणाली, "सगळ्यांच्या अशाच असतात." मग तिनेच सांगितलं की वेबपानावर गणित योग्य पद्धतीने, म्हणजे चित्र म्हणून नव्हे तर त्याच्या रचनेसकट लिहिलं, तर तिचं सॉफ्टवेअर ते नीट वाचतं. मी तीन शनिवार-रविवार बसून सगळ्या नोट्स तशा केल्या.

आलेखांचं काय? त्यासाठी त्या ऑफिसात एक खास कागद होता. त्यावर काळ्या शाईत चित्र छापायचं आणि एका हीटरमधून काढायचं. जिथे काळं असेल तिथे कागद फुगतो, बोटांना रेघ लागते. पहिल्यांदा मी माझी नेहमीची आकृती तशीच छापली: ग्रिडच्या साठ रेघा, चार वक्र, आठ लेबलं. तिने बोटं फिरवली आणि विचारलं, "ह्यातून मला कळायला काय हवंय?"

मी तोंड उघडलं आणि बंद केलं. कारण खरं सांगायचं तर मलाही ते धड सांगता येईना. आकृती पुस्तकात तशी होती म्हणून मी तशी काढली होती. त्या संध्याकाळी मी ग्रिड काढून टाकलं, चारातले तीन वक्र काढले, आणि खाली दोन वाक्यं लिहिली: अमुक फ्रिक्वेन्सीपर्यंत रेघ सपाट आहे, तिथून पुढे ती एकसारख्या उताराने खाली जाते, आणि आपल्याला महत्त्वाचा आहे तो वळणाचा बिंदू. पुढच्या लेक्चरला ती आकृती सगळ्या वर्गाला दाखवली. डोळस पोरांपैकी एकजण नंतर येऊन म्हणाला, हे मला मागच्या सेमिस्टरला कळलं नव्हतं. तो नापास होऊन पुन्हा कोर्स घेत होता. मागच्या सेमिस्टरलाही टीए मीच होतो.

जाता जाता एक सांगतो. स्क्रीन रीडर महाग असतात ही जुनी तक्रार. एनव्हीडीए नावाचा एक स्क्रीन रीडर २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या एका अंध प्रोग्रॅमरने लिहायला घेतला, लगेच दुसरा अंध प्रोग्रॅमर त्याला येऊन मिळाला, आणि तो आजही फुकट आहे. मराठीसुद्धा वाचतो, जरा यांत्रिक आवाजात का होईना. पण मराठी मजकूर युनिकोडमध्ये हवा. छापखान्याच्या जुन्या फाँटमध्ये बनवलेली पीडीएफ त्याला दिली की तो रोमन अक्षरांची भेळ वाचून दाखवतो. ही अडचण अमेरिकेच्या पैशाने सुटणारी नाही, आपण फाँट बदलला की सुटते.

हे सगळं वाचून इथे काय स्वर्ग आहे असं समजू नका. शाळेत असेपर्यंत शाळेवरच जबाबदारी असते की मुलाला काय हवंय ते शोधा. युनिव्हर्सिटीत मात्र मुलाने स्वतः जाऊन मागावं लागतं. न मागितलं तर कुणी विचारायला येत नाही. शिकण्यातल्या अडचणींची खाजगी तपासणी करून घ्यायची तर हजारो डॉलर लागतात, म्हणजे श्रीमंताच्या पोराच्या हातात कागद असतो आणि गरिबाच्या पोराच्या हातात फक्त अडचण. २०१९ मध्ये प्रवेशाचा मोठा घोटाळा उघड झाला, त्यात काही बड्या आईबापांनी पोरांसाठी खोट्या निदानावर जादा वेळ मिळवला होता. आणि बर्कली, जिथून हे सारं सुरू झालं, तिथे २०१७ साली वेगळीच गंमत. फुकट टाकलेल्या लेक्चरच्या व्हिडिओंना बहिऱ्यांसाठी धड कॅप्शन नाहीत अशी तक्रार होती. केंद्र सरकारने ती उचलून धरल्यावर युनिव्हर्सिटीने वीस हजारांवर जुने व्हिडिओ जनतेसाठी बंदच करून टाकले. कुणालाच नको म्हणजे समानता! मला हा निर्णय आजही पटत नाही, आणि तक्रार करणाऱ्यांची चूकही वाटत नाही.

आपल्या देशी मुलांची तऱ्हा तर विचारूच नका. कायदा परदेशी विद्यार्थ्यालाही लागू आहे. पण डिप्रेशनने महिनाभर खोलीबाहेर न पडलेला मुलगा मला माहीत आहे. तो कोर्स सोडून परत गेला, त्या ऑफिसची पायरी चढला नाही. कारण? 'रेकॉर्डवर येईल.' प्रोफेसरला कारण कळतच नाही, हे त्याला सांगणारं कुणी भेटलं नाही. मी भेटलो होतो. पण तेव्हा मी स्वतःचंच लपवत होतो.

आता पुण्याकडे येतो. खरं म्हणजे हा लेख मी त्यासाठीच लिहायला घेतला आणि दीड हजार शब्द टाळत आलो.

बी.ई.ला माझा प्रोजेक्ट पार्टनर तोतरा बोलायचा. नाव सांगत नाही. आमच्या ग्रुपचं सगळं सर्किट त्याने बनवलं होतं. मी रिपोर्ट टाइप केला आणि सोल्डरिंगच्या वेळी टॉर्च धरला, हे माझं योगदान. ओरलच्या आदल्या रात्री त्याने मला सगळं समजावलं. अडखळत, पण नीट, दोन तास.

दुसऱ्या दिवशी एक्स्टर्नल आले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "नाव काय?" तोतरं बोलणाऱ्याला स्वतःचं नाव हाच सगळ्यात अवघड शब्द असतो, कारण तो बदलता येत नाही. हा अडकला. एक्स्टर्नल म्हणाले, "काय रे, नावसुद्धा पाठ नाही केलंस?" दाराशी उभी असलेली पोरं हसली. मीही हसलो. मग सर्किटवर प्रश्न सुरू झाले. हा उत्तर द्यायला लागायचा, पहिल्या अक्षरावर थांबायचा, आणि सर माझ्याकडे बघायचे. मग मी उत्तर द्यायचो. तेच, आदल्या रात्री त्याने शिकवलेलं. मला वाटत होतं मी त्याला वाचवतोय.

मला पन्नासपैकी चव्वेचाळीस पडले. त्याला एकवीस. वीसला पास.

एक्स्टर्नल वाईट नव्हते. त्यांना दिवसभरात पन्नास-साठ पोरं उरकायची होती. त्यांनी मोजलं काय, एवढाच माझा प्रश्न आहे. त्यांना वाटलं ते प्रोजेक्ट मोजतायत. ते मोजत होते जीभ. ती बी.ई. इलेक्ट्रॉनिक्सच्या सिलॅबसमध्ये कुठेही नाही. वकिली किंवा आकाशवाणीच्या निवेदकाची परीक्षा असती तर गोष्ट वेगळी. तिथे बोलणं हाच विषय आहे, आणि इथलं कोर्टही तेच सांगतं की विषयाचा गाभा बदलेल असं काही कुणी मागू शकत नाही. पण मग गाभा कुठला आणि सवय कुठली, हे मास्तरने आधी स्वतःला विचारायला हवं. तीन तास, पेन, जिने, तोंडी उत्तर. ह्यातलं बहुतेक सवयीत जमा होईल असा माझा अंदाज आहे.

कायदा नाही असं आता कुणी म्हणू नये. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले, उच्च शिक्षणात पाच टक्के जागा ठेवल्या आणि ज्याला इंग्रजीत रीझनेबल अकॉमोडेशन म्हणतात ती कल्पना व्याख्येसकट आणली. बोलण्यातलं अपंगत्वही त्या यादीत आहे. लेखनिक आणि तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ, ही केंद्राची सूचना २०१३ ची. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने लिहिताना हात आखडणाऱ्या एका परीक्षार्थीच्या बाजूने निकाल दिला आणि लेखनिकासाठी चाळीस टक्क्यांची अट आड आणू नका म्हणून बजावलं. २०२४ मध्ये तर आपल्या महाराष्ट्रातल्याच, बोलण्यात अडचण असलेल्या एका मुलाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितलं की नुसता टक्क्याचा आकडा बघून एमबीबीएसचा प्रवेश नाकारता येणार नाही, तो मुलगा अभ्यासक्रम पुरा करू शकतो का ते बघा. ह्याहून स्पष्ट काय हवं? पण हे निकाल त्या त्या मुलाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन मिळवावे लागले. लेखनिक मिळवायला दिल्ली गाठायची म्हणजे मोडक्या हाताने क्वालिफायर देण्यापेक्षा वाईट.

मला आपल्याकडच्या एका शब्दाचाही राग येतो: सवलत. अपंग विद्यार्थ्यांना सवलत. सवलत एसटीच्या तिकिटात असते, देणाऱ्याची मर्जी असते आणि घेणाऱ्याला थोडं ओशाळायला होतं. ह्यासाठी आपल्याकडे फार चांगला शब्द आहे, सोय. लग्नघरी पाहुण्यांची सोय करतात तेव्हा पथ्यावाल्या मामांना वेगळं ताट वाढलं म्हणून कुणी म्हणत नाही की बाकीच्या पंगतीवर अन्याय झाला.

खोट्या प्रमाणपत्रांचं काय, हा प्रश्न हमखास येतो. २०२४ साली यूपीएससीने एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याची निवड रद्द केली, तेव्हापासून तर जास्तच. चोर असणारच, इथेही निघाले. पण माझ्या प्रोफेसरांनी त्यावर काढलेला तोडगा सांगतो. पुढच्या वर्षीपासून त्यांनी परीक्षा संध्याकाळी ठेवली. पेपर पन्नास मिनिटांचाच, वेळ सगळ्यांना दोन तास. बहुतेक पोरं सव्वा तासात उठून गेली. पहिले दहा नंबर जवळपास तेच राहिले, मधल्या पोरांत मात्र बरीच उलथापालथ झाली. आणि दीडपट वेळाची पत्रं आमच्या कोर्सपुरती जवळजवळ निरर्थक झाली. जी गोष्ट सगळ्यांनाच मिळते ती कोण चोरणार?

पैसा लागतो, हे अर्धं खरं. बहिऱ्या विद्यार्थ्याला दुभाषा किंवा चालू लेक्चरचं टायपिंग द्यायचं तर भरपूर लागतो, ते कुणीतरी उचलावंच लागेल. पण जादा वेळाला किती लागतो? वर्ग तळमजल्यावर घ्यायला? नोट्स आदल्या दिवशी द्यायला? आमच्या कॉलेजात तेव्हा लिफ्ट होती. दारावर पाटी होती, 'फक्त शिक्षकांसाठी'. प्रोजेक्ट लॅब तिसऱ्या मजल्यावर.

गेल्या वर्षी पार्टनरला फोन केला. तो हिंजवडीत चिप डिझाइनमध्ये आहे, माझ्यापेक्षा बरं कमावतो. ओरलचा विषय मीच काढला. म्हटलं, तेव्हा तुला काय हवं होतं रे? लेखी उत्तर चाललं असतं का? तो बराच वेळ थांबला. मीही ह्या वेळी थांबलो.

म्हणाला, "लेखी नको. मी उत्तर देतच होतो. तू घाई केलीस."

आमच्या बॅचचा एकजण आता त्याच कॉलेजात शिकवतो. त्याला मी हे सगळं लिहून पाठवलं आणि सुचवलं की ओरलच्या आधी पोरांना एक साधा कागद द्या: तुला काही सोय हवी आहे का, हवी असल्यास कुठली, आणि हा कागद एक्स्टर्नलला कारणासकट दाखवायचा नाही. त्याचं उत्तर आलंय. कागदाला कुणाच्या परवानगीची गरज पडेल असं त्याला वाटत नाही, मेच्या ओरलला करून बघतो म्हणाला. लिफ्टच्या पाटीसाठी मात्र प्राचार्यांना भेटावं लागेल.